सुरगाठ

एका नदीकाठी एक छावणी होती. छावणीत तंबूंच्या रांगा होत्या आणि त्यातल्या एका तंबूत विबियस नावाचा शिपाई राहत होता. गोष्ट फार जुनी, रोमच्या राज्यातली. ते राज्य एवढं लांबरुंद होतं, की त्याच्या एका टोकाला द्राक्षं पिकत आणि दुसऱ्या टोकाला नुसता चिखल. विबियसच्या नशिबी चिखलाचं टोक आलं होतं. नदीपलीकडे घनदाट जंगल होतं. त्या जंगलातल्या टोळ्यांना आपल्या उंबरठ्यावर येऊन बसलेले हे रोमचे लोक मुळीच आवडत नसत. त्यात त्यांचं काही चुकत होतं असं नाही, पण तो आपल्या गोष्टीचा विषय नव्हे.

एका तंबूत आठ शिपाई राहत. आठ जणांत एक जातं, एक चूल आणि भिजलेल्या आठ घोंगड्यांचा एक वास. या आठांत विबियसचा जिवलग म्हणजे सिलो. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, एकाच ताटात जेवणारे. स्वभाव मात्र एकाचा पूर्वेला तर दुसऱ्याचा पश्चिमेला. विबियस नीटनेटका, मोजकं बोलणारा, मनातलं मनात ठेवणारा. सिलो म्हणजे उघडं दार. जे मनात ते तोंडात, आणि दुसऱ्याच्या तोंडून जे ऐकेल तेच त्याच्या मनात आहे असं धरून चालणारा. कुणी रागाने 'वा, छान केलंस' म्हटलं, तरी हा पठ्ठ्या आभार मानायचा.

विबियसकडे त्याच्या बापाचं चिलखत होतं. बापही शिपाईच होता. तो गेला तेव्हा मागे एवढं एकच ठेवून गेला. ते कड्यांचं चिलखत होतं. लोखंडाच्या बारीक कड्या एकीत एक ओवून विणलेला सदराच म्हणा. डोक्यावरून घालायचा, अंग झटकायचं, झालं. कुणाची मदत नको. विबियस ते रोज वाळूने घासायचा, तेलाच्या चिंधीने पुसायचा. एखादी कडी सैल वाटली तर लोहाराकडे धाव घ्यायचा. सिलोकडेही कड्यांचंच चिलखत होतं, पण त्याला गंज चढला होता. जिथे कड्या गळाल्या तिथे त्याने सुतळी बांधून काम भागवलं होतं. शतनायक, म्हणजे शंभरेक शिपायांवरचा नायक, ती सुतळी पाहून लालबुंद व्हायचा आणि मग सिलोचा निष्पाप चेहरा पाहून त्यालाच हसू यायचं.

एके दिवशी शहरातून गाड्या आल्या. गाड्यांत नवी चिलखतं होती, नव्या तऱ्हेची. कड्या नाहीत, शतनायकाच्या अंगावर असायचे तसे माशाच्या खवल्यांसारखे पत्रेही नाहीत. रुंद लोखंडी पट्ट्या एकीवर एक चढवलेल्या, कोळंबीच्या पाठीवर असतात तशा. आतून चामड्याने जोडलेल्या, त्यामुळे वाकलं तर त्याही वाकत. उन्हात धरलं की डोळे दिपत. सगळी छावणी गाड्यांभोवती गोळा झाली.

चिलखतं थोडी होती; एका तंबूला एकच. आपल्या तंबूचं कुणाला मिळणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. विबियसइतकं हत्यार जपणारा दुसरा होता कोण? विबियसनेही मनात मांडे खाऊन ठेवले होते. तंबूच्या खांबावर नवं चिलखत टांगायला त्याने एक खुंटीसुद्धा रिकामी केली होती.

शतनायक आला. त्याने विबियसचं चिलखत हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, असं राखलेलं चिलखत साऱ्या छावणीत नाही, याला नव्याची काय गरज? मग त्याने सिलोची सुतळी पाहिली. नवं चिलखत सिलोला मिळालं.

आता शतनायकाचं काही चुकलं का? नाही. ज्याचं फाटकं त्याला आधी, हा साधा हिशोब. पण ज्याने जपलं त्याने जुनंच वापरावं आणि ज्याने गंजवलं त्याने नवं मिरवावं, हा न्याय काही विबियसच्या घशाखाली उतरेना. आपल्या चांगुलपणानेच आपला घात केला असं त्याला वाटलं. असं ज्याला एकदा वाटलं, त्याला पुढे काय काय वाटेल याचा नेम नसतो.

सिलो मात्र खरोखर भला माणूस. नवं चिलखत घेऊन तो सरळ विबियसकडे आला. "हे तू घे. तुझं जुनं मला दे. हे तुलाच शोभेल."

विबियसचा जीव त्या पट्ट्यांवर अडकला होता. पण दिलेलं दान घ्यायला त्याचा मान आड आला. "मला नको," तो म्हणाला.

दुसऱ्या कुणी ओळखलं असतं, की या 'नको'च्या पोटात 'हवं' आहे. थोडा आग्रह केला असता, तर काम झालं असतं. पण सिलोला पोटातलं वाचता येत नसे. नको म्हणजे नको. तो आनंदाने चिलखत घेऊन गेला आणि त्याने ते नेमकं त्या रिकाम्या खुंटीवर टांगलं.

या नव्या चिलखताची एक खोड होती. त्याचे दोन अर्धे भाग पुढून आणि मागून चामड्याच्या वादीने बांधावे लागत. पुढची गाठ ज्याची त्याला बांधता येई. पाठीवरच्या पितळी कड्यांतून वादी ओवून मागची गाठ मारायला मात्र दुसरा माणूस लागे. तंबूत नासो नावाचा एक म्हातारा शिपाई होता. साऱ्या मोहिमा पाहून झालेला, दाढा पडलेला, पोरांवर माया करणारा. त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं, "कड्यांचं चिलखत कड्यांवर जगतं, खवल्यांचं टाक्यांवर, पण हे जगतं शेजाऱ्याच्या बोटांवर. तंबूत हवं तेवढं भांडा. वादी हातात घेतली की भांडण खाली ठेवा."

त्याने गाठही शिकवली. गाठी दोन. निरगाठ ओढली की आणखी आवळते. सुरगाठ ओढली की सुटते. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. फरक एवढाच, की सुरगाठीत वादीचं टोक शेवटी दुमडून घालायचं. पाठीवर नेहमी निरगाठच मारायची. आणि छावणीच्या वेशीतून लढाईला बाहेर पडण्याआधी नासो स्वतः नव्या चिलखतातल्या प्रत्येकाच्या मागे उभा राहून गाठ ओढून पाहायचा. त्याच्या ओढण्याने माणूस दोन पावलं मागे यायचा आणि बाकीचे हसायचे. पण तो हात पाठीला लागला की बरं वाटायचं, हे सगळेच मनातल्या मनात कबूल करत.

सिलोची गाठ बांधायचं काम विबियसकडे आलं. आठांत त्याच्याच बोटांना शिस्त होती. रोज सकाळी सिलो त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि विचारायचा, "बांधलीस?" विबियस म्हणायचा, "बांधली." मग सिलो मागे न पाहता चालू लागायचा. आपली पाठ दुसऱ्याच्या हाती देऊन ती विसरून जाणं त्याला सहज जमत असे.

रोज सकाळी ते चकचकीत लोखंड विबियसच्या नाकासमोर यायचं. रोज त्याने ते दुसऱ्याच्या अंगावर बांधायचं. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, पण सिलोची काही सरेना. गंजक्या सिलोला आता पट्ट्या घासायचं वेड लागलं होतं. घासता घासता तो विबियसच्या जुन्या चिलखताला 'आजोबांचा सदरा' म्हणायचा. त्यात वाईट हेतू नव्हता. पण ते चिलखत आजोबांचं नव्हतं, बापाचं होतं. विबियस तोंडाने हसायचा आणि आत कुठेतरी गाठ पडायची. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि त्यातली एकही त्याने बोलून सोडवली नाही.

मग बातमी आली, की शहरातून सेनापती येणार आहेत. नवी चिलखतं पाहणार, कवायत पाहणार. विबियसला त्या दिवशी जे सुचलं ते वर वर पाहता अगदी लहान होतं. तो खुनी नव्हता, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. त्याला एवढंच हवं होतं, की सिलोची फजिती व्हावी. कवायतीत भाला फेकायला हात वर गेला, की पाठीवर ओढ बसेल, सुरगाठ सरकेल, आणि सेनापतींसमोर ते सुंदर चिलखत फुटक्या पिंपासारखं उघडं पडेल. लोक हसतील. सेनापती म्हणतील, ज्याला सांभाळता येतं त्याला द्या. बस, एवढंच.

पाहणीच्या सकाळी सिलो पाठ करून उभा राहिला. विबियसने वादी ओवली, आवळली आणि शेवटी तिचं टोक दुमडून आत घातलं.

"बांधलीस?"

"बांधली."

खोटं नव्हतंच ते. बांधली तर होतीच. असल्या खऱ्यापेक्षा उघड खोटं परवडलं.

मैदानावर रांगा लागल्या. सेनापती उंच ओट्यावर येऊन बसले. सिलो पुढच्या रांगेत आणि विबियस बरोबर त्याच्या मागे. कवायतीचा हुकूम सुटणार, इतक्यात नदीकडून शिंग वाजलं. टोळ्यांनी नदी ओलांडली होती आणि धान्याच्या गाड्यांना घेरलं होतं. कवायतीचा हुकूम राहिला बाजूला. शतनायक ओरडला आणि सगळी पलटण आहे तशी वेशीबाहेर पळत सुटली. कुणाला तंबूकडे वळायला सवड मिळाली नाही. नासोलाही कुणाच्या मागे उभं राहायला वेळ मिळाला नाही. सिलोची पाठ त्या दिवशी कुणीही ओढून पाहिली नाही.

नदीच्या काठाने गाड्यांपर्यंतची वाट लांब होती. सारी वाट विबियसच्या डोळ्यांसमोर ती गाठ होती. दुमडलेलं टोक पावलागणिक नाचत होतं. ही पाहणी नव्हे, ही लढाई होती. आता हात पुढे करून ते टोक ओढायचं आणि पुन्हा नीट बांधायचं, एवढंच काम. चालता चालताही झालं असतं. पण मग सिलो विचारणार, सकाळी बांधली होतीस ना? त्याला काय सांगायचं?

ओढ्यापाशी दम खायला पलटण क्षणभर थांबली. विबियसने मनाचा हिय्या केला. त्याचा हात सिलोच्या पाठीपर्यंत गेला. बोटं वादीला लागणार, तोच सिलोने मान वळवली. त्याला पाठीमागे विबियस दिसला, पुढे आलेला हात दिसला, आणि त्याला वाटलं तेच त्याने बोलून टाकलं.

"काय रे, अजून डोळा आहे होय माझ्या चिलखतावर? आजोबांचा सदरा नको झाला?"

आजूबाजूचे हसले. विबियसचा हात मागे आला. त्याचा तिळपापड झाला. मरू दे, त्याच्या मनात आलं. माणसाच्या मनात असं शंभर वेळा येतं आणि जातं. देव ते मोजत नाही. पण तेवढ्यात पलटण पुढे निघाली, आणि सांगायची ती वेळ ओढ्याकाठीच राहिली.

गाड्यांपाशी लढाई झाली. तिथे जंगल नदीच्या अलीकडेही पसरलं होतं. ढालीला ढाल लावून रोमची रांग उभी राहिली. अशा लढाईत छातीशी काम, पाठीशी नाही. पाठ मागच्या माणसाने राखायची असते. सिलोच्या मागे विबियस होता. तो कसा लढला हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याची एक नजर समोरच्या भाल्यांवर आणि दुसरी त्या वादीवर. पण देवाच्या कृपेने सारं लवकर आटपलं. टोळ्यांचे लोक मागे हटले, मग फुटले आणि जंगलाकडे पळू लागले. सिलोला ओरखडाही आला नव्हता.

विबियसने श्वास सोडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, तो मनात म्हणाला. आज रात्री सिलोला सगळं सांगेन, त्याच्या पाया पडेन, तो हसेल आणि विसरून जाईल. आणि सिलो खरंच हसला असता, विसरला असता. ते त्याला सहज जमलं असतं.

तेवढ्यात विबियसने पाहिलं. सिलोने कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला आणि लढताना सरकत आलेलं ते दुमडलेलं टोक सर्रकन बाहेर आलं. वादी लोंबू लागली. पट्ट्यांमध्ये फट पडली आणि फटीतून सिलोचा घामेजलेला अंगरखा दिसला.

दोघांच्या मध्ये आता चार-सहा माणसं आली होती. हात पोचण्यासारखा नव्हता. विबियस जिवाच्या आकांताने ओरडला, "सिलो! गाठ! गाठ!"

सकाळपासून तो शब्द त्याच्या घशात अडकला होता. तो आत्ता बाहेर पडला.

सिलोने वळून पाहिलं. समोर शत्रू पळत होते आणि मागून त्याचा जिवलग मित्र ओरडत होता, गाठ, गाठ. जे ऐकलं तेच त्याने खरं धरलं. आयुष्यभर तो तेच करत आला होता. त्याचा चेहरा उजळला. मित्राने मनातली अढी सोडली आणि आपल्याला हिंमत दिली असं त्याला वाटलं असणार. त्याने हात उंचावून विबियसला होकार दिला आणि रांग सोडून तो पळणाऱ्यांच्या मागे धावला. त्यांना गाठायला.

"नाही! गाठ! गाठ!" विबियस ओरडतच राहिला. जितका तो ओरडे तितका सिलो जोराने धावे. धावता धावता पट्ट्या दोन्हीकडे फाकल्या. जंगलाच्या तोंडाशी शत्रूंतला एक जण झाडाआड थांबला. सिलो त्याला ओलांडून पुढे गेला, आणि त्या माणसासमोर एक उघडी पाठ आली.

विबियस पोचला तेव्हा सिलो पालथा पडला होता. त्याने त्याला मांडीवर घेतलं. सिलोच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा नवल जास्त होतं.

"गाठलंच होतं रे मी," तो म्हणाला. "तू म्हणालास म्हणून."

आणि तो गेला.

बैल गेला आणि झोपा केला, असं आपल्याकडे म्हणतात. इथे तर दार लावायला धावलेल्या माणसानेच बैलाला बाहेर हाकललं. विबियस मांडीवरचं ओझं घेऊन तिथेच बसून राहिला.

प्रेत छावणीत आणलं. अंगावरचं चिलखत नासोने सोडवलं. वादी हातात घेऊन तो पुन्हा पुन्हा पाहत होता. तुटली नव्हती. कापली नव्हती. चामड्यावर कुठे ताणाची खूण नव्हती. आता हा बोलणार, असं विबियसला वाटलं, आणि त्याला जरा बरंही वाटलं. पण नासोच्या मनाला संशय शिवलाच नाही. विबियसच्या हातची गाठ म्हणजे निरगाठच, ही त्याची खात्री होती. चामडं ओलं असेल, सैल पडलं असेल. त्याला एकच गोष्ट आठवत होती, की आज आपण ती ओढून पाहिली नाही.

तो उठला, शतनायकासमोर गेला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हा पोरगा माझ्यामुळे गेला. वेशीत मी थांबायला हवं होतं."

विबियसने तोंड उघडलं. तोवर शतनायक त्याच्याकडे वळला होता. त्याने विबियसच्या खांद्यावर हात ठेवला. तुझा आवाज साऱ्या रांगेने ऐकला, तो म्हणाला; शत्रू पळत असताना मित्राला पुढे धाडणारा तू एकटाच होतास, अशी माणसं पलटणीला हवीत. लोकांनी मान डोलावली. विबियसने तोंड मिटलं.

मेलेल्या शिपायाचं चिलखत त्याच्याबरोबर जात नसे. ते जिवंताच्या कामी येई. सिलोने आतल्या पट्टीवर खिळ्याने टोचून आपलं नाव काढलं होतं, वेडंवाकडं. शतनायकाने त्याच्याखाली विबियसचं नाव टोचायला लावलं आणि चिलखत त्याला बहाल केलं. बापाचं कड्यांचं चिलखत नव्या भरतीतल्या कुणाला तरी गेलं. नवं चिलखत त्याच खुंटीवर लागलं. विबियसला जे हवं होतं ते सगळं मिळालं. मागितलेल्यातलं काहीही कमी झालं नाही.

नासो मात्र खचला. त्याचं जेवण तुटलं. तो दिवसभर छावणीत फिरायचा आणि दिसेल त्याच्या पाठीची गाठ ओढून पाहायचा. जेवायला बसलेल्याची, पाणी भरणाऱ्याची, चिलखत न घातलेल्याचीसुद्धा. सुरुवातीला लोकांनी समजून घेतलं, मग हसले, मग चिडले. विबियस रोज ठरवायचा, की आज याला सांगू. रोज काहीतरी आड यायचं. कधी लोक असायचे, कधी पाऊस असायचा, आणि कधी काहीही नसायचं. सांगायला जेवढा उशीर झाला तेवढं सांगणं जड झालं. ओलं घोंगडं उचलायला लागावं, आणि थांबाल तेवढा पाऊस त्यावर पडत राहावा, तसं.

थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्याने अंथरूण धरलं. एका दुपारी तंबूत दुसरं कुणी नव्हतं. विबियस त्याच्या उशाशी बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. खुंटी, आजोबांचा सदरा, दुमडलेलं टोक, ओढ्याकाठी मागे घेतलेला हात, सगळं. काही राखून ठेवलं नाही. शेवटी तो म्हणाला, "नासोबाबा, सुरगाठ होती ती. मी मारलेली. तुमचा यात काही दोष नाही."

नासोने डोळे उघडले. त्याच्याकडे बराच वेळ मायेने पाहिलं. मग आपला सुकलेला हात उचलून त्याने विबियसच्या गालावरून फिरवला.

"किती गुणाचा आहेस रे," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचं ओझं हलकं व्हावं म्हणून स्वतःवर एवढं घेतोस."

विबियसने शपथ घेतली. देवांची घेतली, बापाची घेतली, वादी आणून गाठ मारून दाखवली. म्हातारा नुसती मान हलवत राहिला. इतके महिने गप्प राहिलेला माणूस आज बोलतो, तर ते दयेपोटीच, अशी त्याची समजूत झाली होती. ती काही केल्या सुटेना. तो गेला तेव्हाही त्याच्या ओठांवर हेच होतं, की मी वेशीत थांबायला हवं होतं.

विबियसने मग शतनायकालाही सांगितलं. शतनायक म्हणाला, दोन जवळची माणसं गेली की डोकं असंच फिरतं; थोडे दिवस गाड्यांच्या पहाऱ्यावर जा, हवापालट होईल.

त्यानंतर विबियस पुष्कळ वर्षं जगला, याला जगणं म्हणायचं असेल तर. रोज सकाळी तो ते चिलखत अंगावर चढवायचा आणि तंबूतल्या कुणाकडे तरी पाठ करून उभा राहायचा. जुनं असतं तर डोक्यावरून घालून निघाला असता. याला दुसऱ्याची बोटं लागत. आणि बोटं कुणाची आहेत, त्यांच्या मनात काय आहे, हे पाठीला दिसत नाही.

"बांधलीस?" तो विचारायचा.

"बांधली," मागून उत्तर यायचं.

गाठ रोज निरगाठच असायची. बांधणारे साधेसुधे, भले लोक होते. तरी विबियसचे हात मागे वळायचे, कड्यांपर्यंत पोचायची धडपड करायचे, आणि पोचायचे नाहीत. मग तो पुन्हा विचारायचा. पुन्हा उत्तर यायचं. ते खरं असायचं, आणि त्याला ते कधीही खरं वाटलं नाही.

तात्पर्य: मनात गाठ पडली तर ती वेळीच बोलून सोडवावी, विश्वासाने वळलेल्या पाठीवर बांधू नये, कारण कबूल करायला उशीर झाला, की खरा शब्दही घात करतो, आणि मग सारं जग खरं बोललं तरी आपला कुणावर विश्वास बसत नाही.